भोक कुठल्या पडद्याला पडलं, आणि केव्हा

शाळेच्या पुस्तकात मायटोकॉण्ड्रियाला, म्हणजे तंतुकणिकेला, ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं. आकृतीत दोन पडदे असतात; बाहेरचा गुळगुळीत, आतला घड्या पडलेला. दोघांना नावं दिली की मार्क मिळतात. पेशी जगणार की मरणार, आणि मरणार तर कशी, हे मात्र बऱ्याचदा त्या दोनपैकी कुठल्या पडद्याला भोक पडलं यावर ठरतं. बाहेरच्याला पडलं तर पेशी शिस्तीत, आवरून-सावरून मरते. आतल्याला पडलं आणि उघडंच राहिलं तर ती फुगून फुटते. आरोग्यावरच्या लेखांत ही दोन भोकं सर्रास एकच समजली जातात, आणि मग कुठलं औषध कशावर चालतं याचा पार घोळ होतो.

आतल्या पडद्यापासून सुरुवात केलेली बरी. हा जेमतेम ६ नॅनोमीटर जाडीचा, पण इतका घट्ट की साधा प्रोटॉनही त्यातून आपणहून आरपार जात नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवता पोचवता या पडद्यातली प्रथिनं प्रोटॉन बाहेर ढकलत राहतात. त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंमध्ये १५० ते १८० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पडद्याच्या जाडीने भागून पाहा: मीटरला अडीच ते तीन कोटी व्होल्ट.

हे सगळं मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं चालतं. पंप पाणी वर चढवतो, मग ते आपल्या वजनाने खाली येतं. इथे खाली येणाऱ्या पाइपात एक चक्की बसवलेली आहे, तिचं नाव एटीपी सिंथेज. प्रोटॉन तिच्यातून आत येतात, ती फिरते आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. गंमत अशी की ही चक्की उलटीही फिरते. टाकी गळायला लागली की ती आधी बनवलेलं एटीपी जाळून प्रोटॉन परत वर चढवायला लागते. म्हणजे गळका मायटोकॉण्ड्रिया नुसता बंद पडत नाही, शेजारच्या चांगल्यांनी कमावलेलंही खाऊन टाकतो. ही उलटी चक्की लक्षात ठेवा, हार्ट अटॅकच्या वेळी ती लागेल.

बाहेरचा पडदा याच्या अगदी उलट, मुळातच जाळीदार. त्यात व्हीडॅक नावाच्या प्रथिनाच्या नळ्या असतात आणि साधारण ५,००० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यातून ये-जा करतात (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). एटीपी सुमारे ५०० डाल्टनचं, ते आरामात जातं. पण दोन पडद्यांच्या मधल्या फटीत राहणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन १२,००० डाल्टनच्या आसपास आहे. ते अडकून राहतं, आणि पेशी जिवंत आहे ती ते अडकलेलं आहे म्हणूनच.

बाहेरचं भोक: ठरवून केलेलं

सायटोक्रोम सीचं रोजचं काम साधं आहे, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणं. १९९६ मध्ये शाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की हेच प्रथिन पेशीद्रवात पोचलं तर पेशीच्या मरणाची यंत्रणा सुरू होते. श्वसनातला हा सज्जन कामगार जल्लादाला बोलावणारा निघावा, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नव्हतं.

ते बाहेर येतं कसं, तर बॅक्स आणि बॅक या दोन प्रथिनांमुळे. बॅक आधीपासून बाहेरच्या पडद्यावर बसलेलं असतं. बॅक्स बहुतांशी पेशीद्रवात असतं आणि इशारा मिळाला की पडद्यावर येऊन रुततं. दोघांचे रेणू जोड्या करतात, जोड्यांचे पुंजके होतात, आणि पुंजक्यांच्या कमानी नि कडी पडद्यात भोक पाडतात. अशी कडी अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणात २०१६ मध्ये प्रत्यक्ष दिसली. नळीसारखं ठरावीक मापाचं हे भोक नाही, ते वाढत जातं. बराच वेळ उघडं राहिलं तर आतला पडदाच त्यातून फुगा होऊन बाहेर डोकावतो आणि मायटोकॉण्ड्रियाचा स्वतःचा डीएनए पेशीद्रवात सांडतो. पेशीला वाटतं विषाणू घुसला, आणि ती धोक्याची घंटा वाजवते.

बॅक्स-बॅकना लगाम घालणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-२. ते सापडलं लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरच्या, अभ्यासात: गुणसूत्र १४ आणि १८ यांच्यातले तुकडे अदलाबदल होऊन एक जनुक भलत्याच जोरात चालू झालेलं आढळलं. १९८८ मध्ये कळलं की हे जनुक पेशींना जास्त वाढवत नाही, मरूच देत नाही. कॅन्सर म्हणजे फक्त बेसुमार वाढ, ही समजूत तिथे मोडली. पेशीचा डीएनए बिघडला की पी५३ हे प्रथिन प्यूमा आणि नॉक्सा नावाचे निरोपे तयार करवतं. ते बीसीएल-२ आणि त्याच्या भावंडांच्या खाचेत जाऊन बसतात, लगाम सुटतो आणि बॅक्स-बॅक मोकळे होतात.

एकदा भोक पडलं की फार वेळ मिळत नाही. एका पेशीतल्या जवळपास सगळ्या मायटोकॉण्ड्रियांतून सायटोक्रोम सी काही मिनिटांत बाहेर येतं. बाहेर ते अपाफ-१ या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि असे सात अपाफ-१ मिळून सात आऱ्यांचं चाक तयार होतं. या चाकावर कॅस्पेस-९ जागं होतं, ते कॅस्पेस-३ ला जागं करतं, आणि कॅस्पेस-३ शेकडो प्रथिनं ठरावीक जागी कापत सुटतं. डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसते, तिच्या पुडक्या पडतात आणि भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. काही सांडत नाही, सूज येत नाही. धडधाकट माणसाच्या शरीरात रोज ५,००० कोटींच्या घरात पेशी अशा जातात आणि त्याला पत्ता लागत नाही.

चाक जुळायला आणि पुढची कामं व्हायला एटीपी लागतं, ही इथली कळीची गोष्ट. शिस्तीत मरायलाही पेशीच्या गाठीला काहीतरी असावं लागतं.

बीसीएल-२ च्या ज्या खाचेत प्यूमा आणि नॉक्सा बसतात, तिथेच बसणारी गोळी म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या जुनाट रक्तकर्करोगासाठी ती मंजूर झाली. तिच्या आधीचं औषध, नॅव्हिटोक्लॅक्स, बीसीएल-२ सोबत त्याच्या भावाला, बीसीएल-एक्सएललाही अडवत होतं. रक्तातल्या प्लेटलेट नेमक्या त्या भावाच्या जिवावर जगतात, त्यामुळे प्लेटलेट धडाधड कोसळायच्या. मग फक्त बीसीएल-२ च्या खाचेत बसेल असा रेणू घडवला गेला. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा कुठेही हे औषध सुरू होताना घरच्यांना एक प्रश्न हमखास पडतो: एवढं महागडं औषध, मग पहिल्या आठवड्यात एवढीशी गोळी का? या रक्तकर्करोगात डोस २० मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि दर आठवड्याला ५०, १००, २०० करत पाचव्या आठवड्यात ४०० वर जातो. कारण औषध चालत नाही ही इथली भीती नाही, ते एकदम चालेल ही आहे. कोट्यवधी पेशी एका दमात मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात येतं. मूत्रपिंडं बसू शकतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून भरपूर पाणी, युरिक ॲसिड कमी करणारी गोळी आणि डोस वाढवताना पुन्हापुन्हा रक्ततपासणी. ग्रेपफ्रूट, आणि शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळतं ते स्टारफ्रूट, या काळात बंद. यकृतातलं जे एन्झाइम हे औषध मोडतं त्याला ती फळं अडवतात आणि रक्तातलं प्रमाण चढतं. बुरशीवरच्या काही गोळ्याही हेच करतात, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरकडे गेलात तरी या औषधाचं नाव सांगा.

आतलं भोक: बिघाड

हे भोक वेगळ्याच कारणाने उघडतं. मायटोकॉण्ड्रियाच्या आत कॅल्शियम बेसुमार साचलं, सोबत ऑक्सिजनची दाहक संयुगं वाढली, फॉस्फेट वाढलं आणि एटीपी-एडीपी घटलं, की आतला पडदा अचानक १,५०० डाल्टनपर्यंतच्या कशालाही आरपार सोडायला लागतो. हॉवर्थ आणि हंटर या दोघांनी १९७९ मध्ये याचा नीट अभ्यास मांडला. पडद्यावरचा व्होल्टेज शून्यावर येतो. आतल्या गाभ्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात आणि ती एवढ्याशा भोकातून बाहेर जाऊ शकत नाहीत, मग त्यांच्या ओढीने पाणी आत येतं. गाभा फुगतो. आतल्या पडद्याला घड्या असल्याने तो ताणून घेतो. बाहेरच्याला घड्या नाहीत, तो फाटतो. तेव्हा सायटोक्रोम सी इथेही बाहेर पडतं, आणि दोन्ही भोकं एकच असल्याचा गैरसमज बहुधा इथूनच येतो. पण आता एटीपी उरलेलं नसतं. सात आऱ्यांचं चाक फिरायला इंधन नाही. पेशी फुटते आणि आतला माल रक्तात सांडतो.

छातीत कळ आली की इमर्जन्सीत जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, ती याच सांडलेल्या मालाची. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या आतलं प्रथिन. रिपोर्टमध्ये ते वाढलेलं दिसतं याचा अर्थ स्नायूपेशींना इजा होऊन त्यांचे पडदे फाटले आहेत.

हे भोक नेमकं कशाचं बनलंय यावर चाळीसहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. आधी व्हीडॅकवर संशय होता. ती जनुकं काढलेल्या उंदरांतही भोक उघडलं. मग एटीपी-एडीपी अदलाबदल करणाऱ्या प्रथिनावर. ते काढल्यावर भोक उघडायला जास्त कॅल्शियम लागलं, पण उघडलं. २०१३ पासून खुद्द एटीपी सिंथेजचं नाव पुढे आलं, म्हणजे ती चक्कीच भोक होते. मग २०१७ मध्ये चक्कीचा मुख्य भाग काढलेल्या पेशींतही भोक उघडत असल्याचं दिसलं. एकाहून जास्त प्रथिनं हे काम करू शकतात, हा सध्याचा सगळ्यांत समंजस निष्कर्ष वाटतो. वाद नाही तो सायक्लोफिलिन डीबद्दल: ते भोकाचा भाग नाही, पण उघडायला मदत करतं. सायक्लोस्पोरिन, किडनी बदललेल्या लोकांना दिलं जाणारं तेच औषध, या सायक्लोफिलिनला चिकटतं आणि भोक उघडणं लांबवतं. २००५ मध्ये सायक्लोफिलिन डी नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या हृदयाचं नुकसान कमी झालं, पण बॅक्स-बॅकवाला शिस्तीतला मृत्यू त्यांच्यात नेहमीसारखाच चालू होता. दोन भोकं वेगळी आहेत याचा याहून चोख पुरावा मागायची गरज नाही.

भोक क्षणभर उघडून मिटूही शकतं, आणि त्यातून साचलेलं कॅल्शियम बाहेर पडतं. म्हणजे झडपेसारखं. उघडून राहणं घातक.

हे डोळ्यांनी कसं दिसतं

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला नैतिक समितीची परवानगी आणि शीत सेंट्रिफ्यूज मिळालं तर हे एका दुपारी पाहता येतं. उंदराचं यकृत बर्फावर बारीक चिरायचं. मॅनिटॉल-सुक्रोजच्या, पीएच ७.४ च्या थंड द्रावणात काचेच्या नळीत टेफ्लॉनच्या दांड्याने घोटायचं. ८०० जीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८०० पट जोराने, १० मिनिटं फिरवलं की केंद्रकं आणि अर्धवट पेशी तळाला बसतात. वरचं पाणी घेऊन ८,००० ते १०,००० जीवर आणखी १० मिनिटं. तळाला तपकिरी थर मिळतो तो मायटोकॉण्ड्रियाचा. त्यावरचा फिकट पिंजलेला थर काढून टाकायचा. सगळं ४ अंशांवर. मुंबईत मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत रोटर आधी गार करून ठेवला नाही तर या पायरीलाच काम संपतं.

मग मिलिलिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम प्रथिन भरेल इतका थर घ्यायचा, त्याला खायला सक्सिनेट द्यायचं, थोडं फॉस्फेट, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरवर ठेवायचं. गच्च मायटोकॉण्ड्रिया प्रकाश विखुरतात, त्यामुळे द्रावण गढूळ दिसतं. २०० मायक्रोमोलर कॅल्शियम घातलं की थोडा वेळ काहीच होत नाही, मग रेषा घसरायला लागते; द्रावण निवळतं, कारण सगळे फुगलेत. दुसऱ्या नळीत आधी १ मायक्रोमोलर सायक्लोस्पोरिन घातलेलं असेल तर तेवढ्याच कॅल्शियमला रेषा बराच वेळ सपाट राहते. ती सपाट राहिली नाही तर तुम्ही पाहिलंत ते हे भोक नव्हे, घोटताना फाटलेले पडदे असू शकतात. आणि कॅल्शियम घालूनही काहीच झालं नाही तर धुण्याच्या पाण्यातलं ईजीटीए उरलंय का ते बघा. ते कॅल्शियम गिळून बसतं, म्हणून शेवटची धुलाई त्याच्याशिवाय करतात. नव्या माणसाचे दोन-तीन दिवस हमखास यातच जातात.

रक्त परत आल्यावरची पहिली मिनिटं

हृदयाची धमनी बंद झाली की ऑक्सिजन संपतो. प्रोटॉन चढवणारा पंप थांबतो, चक्की उलटी फिरते, एटीपी जळतं. पेशी ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागते, लॅक्टिक ॲसिड साचतं, पीएच ६.५ किंवा त्याहूनही खाली येतो. हे ॲसिड बाहेर टाकायला पेशी सोडियम आत घेते, आणि सोडियम काढायला कॅल्शियम. मायटोकॉण्ड्रियात सक्सिनेटचा साठा होतो. सगळं वाईटच, पण एक गोष्ट बाजूने असते: आम्ल वातावरणात आतलं भोक उघडत नाही.

मग अँजिओप्लास्टी होते, रक्त येतं. ऑक्सिजन मिळताच साचलेलं सक्सिनेट एकदम जळतं आणि दाहक ऑक्सिजनचा लोंढा सुटतो. व्होल्टेज परत आल्याने कॅल्शियम मायटोकॉण्ड्रियात खेचलं जातं. ॲसिड धुऊन निघतं आणि पीएच काही मिनिटांत पूर्ववत होतो. भोकाला जे जे हवं ते हजर, आणि अडवणारं एकमेव कारण गेलेलं. हॅलस्ट्रॅप आणि ग्रिफिथ्स यांनी १९९५ मध्ये उंदराच्या हृदयात हे दाखवलं: भोक रक्त थांबलेलं असताना उघडत नाही, रक्त परत आल्यावर उघडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून असा अंदाज आहे की हृदयाच्या अंतिम नुकसानातला निम्म्यापर्यंतचा वाटा या दुसऱ्या टप्प्याचा असू शकतो.

याचा अर्थ धमनी उघडू नये असा काढणारे महाभाग असतात, म्हणून स्पष्ट लिहितो: धमनी बंद राहिली तर काही तासांत त्या भागातला बहुतेक स्नायू जातोच. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या ठिकाणी पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. छातीत दाब, डावा हात जड, घाम, आणि घरात ‘गॅस असेल, सोडा घे’ चालू आहे. त्यात गेलेला अर्धा तास कुठलंही भोक बंद करून परत मिळत नाही.

भोक बंद ठेवून पाहिलं गेलं नाही असं नाही. २००८ मध्ये ५८ रुग्णांच्या छोट्या चाचणीत धमनी उघडण्याच्या जरा आधी शिरेतून सायक्लोस्पोरिन दिलं. नुकसान कमी दिसलं. मग ९७० रुग्णांची मोठी चाचणी झाली, किलोला २.५ मिलिग्रॅम, निकाल २०१५ चा. मृत्यू, हार्ट फेल्युअर किंवा हृदय पसरणं यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण औषधाच्या गटात ५९.० टक्के, दुसऱ्या गटात ५८.१ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही.

यावरून भोकाची कल्पना चुकीची होती असं म्हणणं मला घाईचं वाटतं. शिरेतून दिलेलं औषध बंद धमनीच्या पलीकडे पोचतं कधी? धमनी उघडल्यावरच, आणि भोक तर त्याच मिनिटांत उघडतं. शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी. इथला रुग्ण साठीचा, मधुमेही, रक्त पातळ करणाऱ्या चार गोळ्या घेतलेला. वेळेचं महत्त्व कुत्र्यांवरच्या १९८६ च्या प्रयोगात दिसतं: हृदयाचं रक्त चार वेळा पाच-पाच मिनिटं थांबवून मग ४० मिनिटं बंद केलं, तर नुकसान एरवीच्या पाव हिश्शावर आलं. पण अटॅक आधी कळवून येत नाही.

प्रत्यारोपणात मात्र वेळ माहीत असते. विमानतळावरून ग्रीन कॉरिडॉरने हृदय नेताना पोलीस सिग्नल मोकळे करतात, कारण थंड पेटीत हृदय साधारण चार तासच टिकतं. मूत्रपिंड त्याहून कितीतरी जास्त. पेटीतली थंडी पेशींचा ऊर्जेचा खर्च कमी करते. नव्या छातीत क्लॅम्प निघतो तेव्हा वर सांगितलेलीच मिनिटं सुरू होतात.

आणि घरातली गोळी

पावसाळ्यात डेंगीच्या तापावर पॅरासिटॅमॉल घेणं बरोबरच आहे. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा. यकृत आधीच नाजूक असेल, दारू असेल किंवा वजन कमी असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. घोळ होतो तो ६५० ची गोळी चालू असताना वर सर्दीची गोळी घेतल्याने, कारण तिच्यातही बहुधा पॅरासिटॅमॉल असतं. पाकिटामागचा घटक वाचा.

जास्त झालं की यकृतात त्याचं एक विषारी रूप तयार होतं, ते ग्लुटाथायोन, म्हणजे असली विषं निकामी करणारा पेशीतला रेणू, संपवतं आणि मायटोकॉण्ड्रियाच्या प्रथिनांना चिकटतं. दाहक ऑक्सिजन वाढतो, आतलं भोक उघडतं, यकृतपेशी फुटतात. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांत दिलं तर सगळ्यांत चांगलं चालतं. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही वाटत नाही आणि यकृताचे आकडेही चढलेले नसतात, म्हणून ‘बरा दिसतोय, सकाळी बघू’ म्हणत बसू नका. रात्रीच इमर्जन्सीत न्या, सोबत रिकामी पाकिटं घ्या आणि किती वाजता घेतल्या ते सांगा. रक्तातल्या पातळीचा अर्थ त्या वेळेवरून लावतात.